मापात पाप

कळंब्याच्या जेलात होता तोवर सोपं होतं.
सकाळची एसटी, दोन गोष्टी, आणि
संध्याकाळी मी परत काट्यापाशी हजर.
मग एक कागद आला
नि भूपालदादाला अमरावतीला घेऊन गेला.
का, ते कागदावर नव्हतं.

आता सांगलीहून महाराष्ट्र एक्स्प्रेस.
दौंडला इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला लागतं
आणि डबा उलटा चालायला लागतो.
पहिल्या खेपेला मी दचकून उठलो होतो,
परत चाललो की काय घरी?
आता उठत नाही.

बडनेऱ्याला पोचेस्तोवर मुलाखतीची वेळ टळलेली.
रात्र फलाटावर, उशाला पिशवी:
दोन बनियन, साबण,
आणि आईनं दिलेलं एक हळकुंड
जे गेटावरचा शिपाई दर खेपेला बाजूला ठेवतो
आणि जाताना काही न बोलता परत देतो.
त्या हळकुंडानं आत्तापर्यंत
सहा वेळा अमरावती केली.

काचेपलीकडं दादा. मधे फोन. वीस मिनिटं.
हरिपुरात पेव उघडायचे तेव्हा अण्णा सांगायचे,
लगेच उतरू नको,
आधी आतली हवा जाऊ दे.
कोंडलेल्या हवेनं माणूस आडवा होतो.
तशी पहिली चार-पाच मिनिटं आम्ही जाऊ देतो.
"जेवलास?"
"व्हय. तू?"
"व्हय."

मी तोलाईदार. एकवीस वर्षं मार्केट यार्डात.
पोत्यामागं शंभर ग्रॅम कधी
इकडचं तिकडं केलं नाही.
पण दादाला मी कायम कमी तोलून देतो.
आईला डाव्या डोळ्यानं दिसत नाही;
सांगितलं, चष्मा बदललाय.
पुराच्या आठवड्यात त्याचा फोन आला,
"आयर्विनला पाणी किती?"
सत्तेचाळीस होतं. एकोणचाळीस म्हणालो.
मी गच्चीवर उभा, खालून बोट गेली.
"ट्रॅक्टर कुणाचा रं?"
"शेजारच्यांचा."

तोही काही कमी नाही.
झोप लागते म्हणतो, डोळे लाल.
पत्रात चार ओळी, चारी ओळींत सगळं ठीक,
आणि पाचवीच्या जागी जांभळा शिक्का: तपासले.
त्या पुरात ट्रंक भिजली.
दादाचं अक्षर वाहून गेलं.
शिक्के तेवढे राहिले.

शिपाई घड्याळ बघायला लागला की
तो ते विचारतो. आधी नाही, कधीच नाही.
"त्यांची हळद आली का औंदा?"
त्यांची.
बांधावरच्या त्या सकाळपासून
आमच्या घरात ते नाव कुणी घेतलेलं नाही.

आली. म्हातारा स्वतः घेऊन आला होता.
यार्डात काटे काय कमी आहेत?
पण माझ्याच काट्यापुढं उभा राहिला,
टोपी काढून घाम पुसला, परत घातली.
मी एकेक पोतं चढवलं,
आकडा नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हटला.
त्यानं दर वेळी मान हलवली.
पावती घेताना एवढंच म्हणाला,
"नातू नववीला गेला."
कुणाला म्हणाला, कुणास ठाऊक.
मी खाली बघून पुढच्याचं पोतं ओढलं.

हे मात्र दादाला मी जसंच्या तसं सांगतो,
घामासकट, टोपीसकट.
इथं माझा हात हलत नाही.

तो काहीतरी म्हणतो,
पण फोन बंद झालेला असतो.
काचेवर नुसते ओठ.
मी कानाला लावलेला रिसीव्हर खाली ठेवतो
तरी ओठ तेच परत म्हणतात,
आणि मग कळतं: किती पोती?

शिपायानं त्याच्या दंडाला हात घातलाय.
मी दोन्ही पंजे काचेवर ठेवतो, दहा.
नखांत अजून पिवळं आहे.
मग दोन बोटं.